मागं कोण बसतं?

गाडी दीड इंच खाली घेतली तेव्हा
चाक आणि कमान यांच्यात
दोन बोटं मावायची, तिसरं नाही.
रंकाळ्यावर उभी केली की पोरं वाकून बघायची,
नाद खुळा म्हणायची.
मी किल्ली बोटावर फिरवायचो.

आवाज नंतर आले.
पहिला टकटक, हळू जाताना,
कुणीतरी दाराशी येऊन परत जावं तसा.
दुसरा, स्टेअरिंग पुरतं वळवलं की, टण्ण.
तिसरा खरखर.
तो रोज नव्हता. म्हणून तोच वाईट.

उद्यमनगरात फौंड्रीमागच्या बोळात
इलाही शिकलगारचं शेड.
लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यानं कानाला लावली,
टोक लोखंडाला,
आणि डोळे मिटले.
शेजारी दोन लेथ चालू होते,
त्याला त्यांचं काही नव्हतं.

"लिंक आखूड पायजे हिला.
उंची कमी केलीस, हाडं तेवढीच ठेवलीस.
वरचं बेअरिंग पण अडकतंय.
आन् हे बुश कुणी आवळलं?"
इचलकरंजीच्या एकानं.
"गाडी जॅकवर असताना?"
व्हय.
"मग कुरकुरणारच की.
लोंबकळत्या रबराला आवळलं,
तर खाली उतरल्यावर त्ये जलमभर पिळलेलं ऱ्हातंय.
आधी चाकं टेकू द्यायची, वजन बसू द्यायचं,
मग पाना लावायचा."

दोन आवाज दुपारपर्यंत गेले.
खरखर काही सापडेना.
मागच्या कमानींच्या आतल्या कडेला त्यानं
शाळेतला निळा खडू फासला.
कावळा नाक्यापर्यंत जाऊन आलो.
खडू तसाच.

"मागं कोण बसतं?"
कुणी नाही, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं
आणि लेथवरच्या तिघांना हाक मारली.
हात पुसत, एकजण चहाचा कप घेऊनच,
तिघं मागं कोंबून बसले.
कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर
खर्रर्र.
चहा सांडला.
डाव्या कमानीतला खडू बोटभर पुसला गेला होता.

मागं, डावीकडं, हौसाआत्या बसायची.
दर रविवारी कपिलतीर्थाच्या मंडईला,
येताना मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथी डोकावणारी.
चाक पहिल्यांदा घासलं तेव्हा
वरचं हँडल धरून तिनं अंग उचललं,
श्वास रोखला,
जणू त्यानं वजन कमी होतं.
"माझ्यामुळं वाजतीया व्हय रं?"
मी रेडिओ मोठा केला.
पुढच्या रविवारी म्हणाली, केएमटीच बरी बाबा,
उंच असती, चढाय सोपी.
गुडघे तिचे दोन्ही गेलेले.

हे मी शिकलगारला सांगितलं नाही.
तो कमानीची कड गरम करून आत वळवत होता,
करंजीला मुरड घालावी तसा,
रंग तडकू नये म्हणून दर वितीला थांबत.
मग स्प्रिंगखाली रबरी चकती.
"पाऊण इंच वर येणार. पोरं वाकायची न्हाईत आता."
येऊ दे.
पैसे घेतले, मोजले नाहीत.
"मागचं बुश शेवटचं आवळायचं ठेवलंय," म्हणाला.
"जे कोण बसत न्हाई म्हणतोयस,
त्यास्नी बसवून आण."

रविवारी उचगावात जाऊन हॉर्न दिला.
आत्या दार धरून बसली, खाली, अजून खाली,
"हिरीत उतरल्यागत हाय की रं."
पिशवी मांडीवर घेतली.

टेंबलाईच्या अलीकडं गतिरोधक आला.
मी रेडिओ बंद केला.
आरशात दिसलं,
तिनं हँडल धरलं होतं.