सेंट्रिफ्यूज फिरेपर्यंत

परळला, तळमजल्यावर, रक्ततपासणीच्या खोलीत
सव्वाआठला मी यंत्राचं झाकण लावते.
मिनिटाला तीन हजार फेरे, दहा मिनिटं.
तेवढीच माझी शाळा.

काचेपलीकडे, रजिस्टरांच्या टेबलावर
पोस्टकार्डाएवढा चुंबकाचा पट.
काळ्याचं एक प्यादं कँटीनच्या फरशीवर गडप झालं,
त्याच्या जागी रक्ताच्या नळीचं लाल टोपण
(कोरं, न वापरलेलं. किल्लेदारांनी तीनदा विचारून झालंय).

हातात मोजे, म्हणून सोंगटीला हात लावायचा नाही.
आल्या आल्या एक कोडं मांडून ठेवायचं,
मग काचेच्या अलीकडून नुसतं बघायचं.
घोडा गेला, उंटाने खाल्ला, हत्ती उघडा पडला,
सगळं कपाळाच्या आत.
पहिले दोन महिने तिसऱ्या चालीलाच
पट विरघळून जायचा,
डोळे मिटल्यावर बल्बचा डाग विरघळतो तसा.

रक्तपेढीतले किल्लेदार नावाला जागत नाहीत,
किल्लेकोट करायचा त्यांना कायमचा कंटाळा.
तरी दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मला हरवतात.
जूनमध्ये मी अठराव्या चालीला हरायचे.
म्हणायचे, "तांडेलबाई,
निदान भाजी गार होईपर्यंत तरी टिका."

चिडून एका रविवारी घरी बसले,
सकाळपासून दिवे लागेपर्यंत
जाडजूड पुस्तक, चौऱ्याऐंशी कोडी.
सोमवारी डोक्यात नुसता कालवा.
आई वेसाव्याच्या किनाऱ्यावर वलांडीला
जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगत होती.
म्हणाली, चुलीवर धरून सुकवलेस कधी?
आणि पुढचा बोंबील उचलला.

डेंगीच्या दिवसांत ट्रेवर ट्रे यायचे.
पट फायलींखाली गेला, सतरा दिवस तिथेच राहिला.
काढला तेव्हा पांढऱ्या वजीरावर धूळ होती.
मला वाटलं, गेलं सगळं.
सगळं नव्हतं गेलं.

दिवाळीनंतर पटावर तीनच सोंगट्या:
दोन राजे, एक प्यादं.
यात काय शिकायचं, वाटलं.
राजे समोरासमोर, मध्ये एक घर मोकळं,
आणि ज्याची चाल, त्याचंच नुकसान.
हलू नये वाटतं, तेव्हाच हलावं लागतं.
एवढं कळायला सव्वीस सकाळी गेल्या,
सगळ्या मिळून साडेचार तासही नाहीत.
पण ते साडेचार तास एकदम कुणी दिले असते
तर मी झोपले असते.

फेब्रुवारीतला एक गुरुवार.
एकेक करत पट रिकामा होत गेला,
माझा राजा एकटा, त्यांच्या राजाबरोबर एक प्यादं.
माझे दोन्ही हात टेबलाखाली, सवयीने.
ते पुढे आले, मी समोर उभी राहिले.
ते बाजूला सरकले, मीही सरकले,
मध्ये एक घर सोडून.
मग किल्लेदारांनी प्याद्याकडे नेलेला हात
हवेतच थांबवला. परत मांडीवर ठेवला.
पुन्हा उचलला.
चौपन्नाव्या चालीला माझ्या राजाला जायला घर नव्हतं
आणि शहही नव्हता.
"बरोबरी," ते म्हणाले,
आणि डब्याचं झाकण उघडून बघितलं.
फ्लॉवरची भाजी. थंडगार.
आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.

शुक्रवारी सव्वाआठ. नवं कोडं, पांढऱ्याची चाल.
यंत्राचा आवाज चढत जातो आणि एका सुरावर थांबतो.
आत कुणाकुणाचं रक्त,
लाल खाली, पिवळसर वर,
मधली रेष हळूहळू स्वच्छ होत चाललेली.
काचेला कपाळ टेकून मी बघते.
उंट. मग हत्ती. मग राजा कोपऱ्यात.
आणि पट विरघळतो.

चौथ्या चालीला.