काजळी : निरंक

पाइप दुरुस्त करतो म्हटलं की
उथळसरच्या आमच्या सोसायटीत लोक गळती सांगायला येतात.
मी त्यांना प्लंबरचा नंबर देतो. दोन ठेवलेत.

तंबाखूचे पाइप हो. ओढायचे.
म्हणजे मी ओढत नाही.
चाळीस वर्षं नौपाड्यात कवळ्या बनवल्या,
लोकांचे दात घरी आणून बशीत ठेवले,
आता त्याच बशीत हे.
बायको म्हणते, प्रगती आहे,
निदान हसत तरी नाहीत.

काम तेच.
या दांडीचं काळं रबर
माझ्या गुरूंच्या काळी कवळीच्या टाळूला वापरायचे.
उजेडात राहिलं की शेवाळतं, गंधकासारखं लागतं जिभेला.
ओल्या पॉलिश पेपरनं घासायचं,
चारशे, आठशे, बाराशे, दोन हजार,
मग प्युमिस, मग जुन्या धोतराचा तुकडा,
मग नुसता अंगठा.
कधी थांबायचं ते त्यालाच कळतं.

आश्विनात कर्णिकांची शर्वरी आली, रुमालात गुंडाळून.
"बाबांचा. रोज जेवल्यावर, गॅलरीत.
आई ओरडायची, ते धूर सोडायचे.
त्या धुरानंच गेले."

लाकडाला एक पोचा.
छापातली तीन अक्षरं उरलेली.
दांडीवर दात.

दात मला वाचता येतात.
वरचा डावा सुळा, जरा आत वळलेला.
खाली त्याच्या जोडीला काही नाही, हिरडीनंच धरलेलं.
आणि केवढं घट्ट!
एवढं घट्ट लोक कवळीचं माप देताना चावतात,
तेव्हाही मला सांगावं लागतं,
हलकं, हलकं.

पोच्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्री टेकवली.
चर्र झालं, लाकूड वर आलं.
दांडी मेणबत्तीवर धरली, लांबून, गोल फिरवत.
या रबराला आपला आकार आठवतो,
ऊब लागली की चावे भरून येतात.
एक नाही आला. सुळ्याचा.

मग स्पिरिटमध्ये बुडवून कापसाची काडी आत घातली.
एरवी पहिली काढ्यासारखी निघते,
दहावी चहासारखी.
ही पांढरी गेली, पांढरी आली.

चष्मा पुसला. टॉर्च घेऊन वाटीत पाहिलं.
तळाशी कोरं लाकूड,
गिरमिटाचे शेवटचे वळसे जसेच्या तसे.
याला कुणी कधी काडी लावलीच नव्हती.

बराच वेळ मी काही घासलं नाही.
खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं,
संपेचना ते.

वागळे इस्टेटमध्ये दिवसभर यंत्रांचे नकाशे काढणारा माणूस
रात्री गॅलरीत, पाठमोरा,
रिकामा पाइप चावत उभा.
काय गिळत होता, मला काय ठाऊक.
मी दातांपर्यंतचा माणूस.
पुढचं खातं घशाचं.

बिल केलं.
पोचा नव्वद. दांडी अडीचशे. मेण चाळीस.
काजळी काढणे :
तिथं निरंक लिहिलं,
आणि उगाचच खाली रेघ मारली.

ती बिल वाचणाऱ्यांतली निघाली.
"म्हणजे?"

मी टॉर्च तिच्या हातात दिला.

तिनं पाहिलं. मग वाटी नाकाशी नेली.
मेणाखेरीज काय येणार!
"मग तो धूर?
मला आठवतो ना धूर. माझ्या वेणीला वास यायचा."

मी म्हणालो, त्या वेळी
वागळे इस्टेटचा धूर
रात्री सगळ्यांच्याच गॅलरीत यायचा.
खरं असेल, नसेल.

तिनं पैसे दिले, वीस जास्त.
माझ्याकडे सुटे नव्हते, ती नको म्हणाली.
चपला घालताना दारात थांबली,
पाइप तोंडात धरून पाहिला, डावीकडे,
पाठ माझ्याकडे.

जबडा ताणलेला दिसला तिचा, कानाखाली,
आणि सवयीनं मी म्हणून गेलो,
हलकं.
हलकं.