वापरून पाहा

सेकंड शिफ्टहून आलं की लगेच झोप लागत नाही,
कानात लेथ फिरत राहतो.
अशाच एका रात्री, श्रमिकनगरच्या खोलीत,
भाच्याने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर
मी एका बंद दुकानासमोर उभा राहिलो.

दुकान सराफ बाजारातलं. म्हणजे खरं नाही, काढलेलं.
पण उतार तसाच, गोदेकडे घसरणारा,
आणि भिंतीवर पुराच्या पाण्याची ती मातकट रेघ,
जी इथल्याच माणसाला सुचते.

कुणी गोळ्या झाडत नाही. कोपऱ्यात सेकंद पळत नाहीत.
बाण न्यायचा, टिचकी मारायची.
"शटर. गंजलेलं."
"मांजर. त्याला तुमच्यात रस नाही."
मी एकटाच हसलो, रात्री पावणेदोनला.

खिशात जमत गेलं: दोरा, अर्धी मेणबत्ती,
पितळी चमचा, सोनाराची फाटकी पावती.
मग सुचेल ते सुचेल त्यावर.
दोरा मांजरावर. चमचा शटरवर. पावती मेणबत्तीवर.
"हे इथे चालणार नाही."
"हे इथे चालणार नाही."
तेवीस वर्षं मी हेच सांगत आलोय
एकेका जॉबला, लाल शिक्क्याने.
इतक्या सौम्यपणे सांगता येतं, माहीत नव्हतं.

पहिली खोली फुकट. पुढच्या दाराला तीनशे वीस रुपये.
इम्तियाज म्हणाला, वेडा का तू,
पेनड्राइव्हमध्ये आख्खे चाळीस गेम देतो.
मी तीनशे वीस भरले.
का, ते त्याला सांगता आलं नाही.

चौथ्या रात्री कपाटात व्हर्नियर सापडला.
सरसावून बसलो. हे तर माझं!
आणि बघतो तर काय, सरकत्या पट्टीच्या दहा रेघा
खालच्या दहा रेघांवर तंतोतंत.
अशाने काहीच मोजलं जात नाही.
दहाला नऊ लागतात.
सगळंच जुळलं तर वाचणार काय?

शेवटच्या यादीत
कथा: शलाका गांगुर्डे. चित्रं: शलाका गांगुर्डे.
संगीत: तीच. मांजर: बुटक्या.

मी पत्र लिहिलं.
कंपनीबाहेर कुणाची चूक काढायची पहिलीच वेळ,
म्हणून आधी तीनदा 'छान आहे' लिहिलं.
उत्तर आलं: "सर, तुम्ही एकविसावे गिऱ्हाईक,
त्यात माझे दोन मामा.
खरा व्हर्नियर मी कधी हातात धरलेला नाही.
दाखवाल?"

रविवारी पवननगर, फ्लेक्सचं दुकान.
स्क्रीनवर कुणा भाऊंचा वाढदिवस अर्धा,
गॉगल चढवायचा राहिलेला.
दिवसा ती हे करते.
तिने जबडे स्वतःच्या अंगठ्यावर मिटवले,
"एकोणीस पॉइंट चार."
"पाच," मी म्हणालो, "डोळा सरळ धर."

मग सहज विचारावं तसं,
"पुढचा भाग करू का, सोडून देऊ?
दोन वर्षं जातील, सर."

खिशात हात घातला.
दोरा नव्हता, मेणबत्ती नव्हती, दोन पाचशेच्या नोटा होत्या.
त्या टेबलावर ठेवल्या, भाऊंच्या मिश्यांशेजारी.
म्हटलं, आणखी तीन दे.
ती नोटांकडे बघत राहिली,
मग खो-खो हसत म्हणाली,
"हे इथे चालणार नाही!
साइटवरून घ्या, नाहीतर आकड्यात धरत नाहीत."

महिनाभराने अपडेट आलं. दहाला नऊ.
यादीत मांजराच्या खाली एक ओळ वाढली,
मापं: हेमराज खैरनार, सातपूर.
बायकोला दाखवली. ती म्हणाली, आडनाव बरोबर लिहिलंय.

पुढच्या भागाचं अजून काही कळलं नाही.
इम्तियाज शटरपाशी अडकलाय.
रोज चहाला विचारतो, किल्ली कुठंय, सांग ना यार.
मी सांगत नाही.
मांजराला परत एकदा विचार, म्हणतो,
आणि भोंगा होतो.