कुठे दुखतं

गुरुवारी गाडी येते.
पांढरी. मागचं दार लागत नाही,
म्हणून दोरीनं बांधलेलं.
अल्मेरियाच्या बाहेर, जिथे जमीन दिसतच नाही,
डोंगराच्या पायथ्यापासून थेट समुद्रापर्यंत नुसतं प्लास्टिक,
प्लास्टिकच्या आत ढोबळ्या मिरच्या
आणि मिरच्यांच्या मधल्या सऱ्यांतून माणसं.

नर्सचं नाव रेमेदिओस. त्यांच्या भाषेत अर्थ : उपाय. अनेकवचनी.
ती हसते, म्हणते, आईनं नाव ठेवलं तेव्हा तिला काय ठाऊक,
पोरीच्या खणात दोनच असतील,
तापाची गोळी आणि पिवळं मलम.

मी कुंबा. दुभाषी.
तीन तासांचे पैसे मिळतात, चौथा माझ्या पदरचा.
सहा हंगाम मीही इथेच काकड्यांच्या वेलींना दोऱ्या बांधल्यात,
अजून पाठ वाकवली की हाताला हिरवा वास येतो.

आज पहिला माकान दुकुरे.
बावीस वर्षांचा, असं तो सांगतो.
नखं चिरलेली, ओठांच्या कडांना पांढरी साय.
विचार त्याला, रेमेदिओस म्हणते, कुठे दुखतं.

तो बोलत राहतो. बराच वेळ.
बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवतं, दोनदा.
मग मी सांगते : छातीत.

एवढंच?
एवढा वेळ तर बोलत होता तो.

काय सांगू तिला.
आमच्याकडे कळ वेगळी, ठणका वेगळा,
शिणक वेगळी, आणि सल तर दुखण्यात धरतच नाहीत.
तो म्हणाला,
फवारणी झाली की छातीवर कुणी ओलं गोणपाट टाकतं,
दुपारी ते वाळतं,
रात्री त्याचे धागे टोचतात,
आणि मुकादम म्हणतो, मास्क उद्या.
उद्या, असं तो अकरा वेळा म्हणाला, यानं मोजलंय.

मी पुन्हा सांगते, सगळं, गोणपाटासकट.
रेमेदिओस नळी त्याच्या पाठीला लावते,
डोळे मिटून ऐकते, एका जागी थांबते,
तिथेच पुन्हा ऐकते.
एक्स-रे, ती म्हणते. शहरात. कार्ड लागेल.
कार्डाला नोंद लागेल. नोंदीला पत्ता.

पत्ता?
माकान माझ्याकडे बघतो.
लाकडी फळ्या, वर जुनं प्लास्टिक, आत सात जण :
याला काय म्हणतात कागदावर?
एक माणूस दोनशे युरोला पत्ता भाड्यानं देतो, तो सांगतो.
घर नाही हं. नुसता पत्ता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजतो.
कायहून. आई.
कांदे निघाले, शेळी व्याली, आणि मग तोच प्रश्न,
तब्येत?
तो खोकला गिळतो. मी पाहिलं, तो खरंच गिळला.
मग फोन रेमेदिओसपुढे धरतो :
डॉक्टरीण आहे, आई, तीच सांगेल,
बरा आहे म्हणून.

रेमेदिओस मला विचारते, काय म्हणतेय ती.
मी सांगते.
ती गप्प. खोटं बोलणार नाही, तिचा चेहरा सांगतो,
खरंही बोलणार नाही.
मग तिची नजर टेबलावर जाते,
तिथे तिच्या डब्यातला अर्धा पाव होता,
आता नुसता कागद आहे.
सांग, म्हणते, आज तो माझ्यासमोर जेवला.

मी सांगितलं. शब्दाला शब्द.
पलीकडे बाई काहीतरी पुटपुटली,
लांबलचक, दुवा असावी,
तिचं भाषांतर कुणी मागितलं नाही.

फॉर्मवर रेमेदिओसनं लिहिलंय :
माकान दुकुरे, तिसऱ्या पाणतळ्यापलीकडे,
निळ्या पिंपाजवळ.
ऑफिस परत पाठवेल, मी म्हणाले.
पाठवू दे, ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच लिहीन.

दोरी सैल झाली होती. माकाननं उतरता उतरता
वेलीला बांधतात तशी गाठ मारली,
ओढून पाहिली.
आता पुढच्याला आत घ्यायला
ती मलाच सोडावी लागतेय.