हाळी

धरणाचं पाणी चढलं त्या साली
टेकाड तेवढं वर राहिलं,
करमाळ्याच्या अंगाला, पावणेतीन एकर.
नकाशात नाही, म्हणून आमचं.

तिथं तुरीच्या तासांत आम्ही ते लावायचो.
नाव घेत नव्हतो. 'पाला' म्हणायचो.
रात्री होडी यायची, वल्ह्याला चिंधी गुंडाळून.
मैनाला खोकला आला
तर तिची आई तोंडावर पदर दाबायची.
पोरगी पाच वर्षांची झाली
तरी कुजबुजतच बोलायची;
आम्हाला वाटलं, घशातच काही असेल.

मग धाड. थोरला आत गेला.
उपटलेल्या ढिगाला लावलेली काडी,
आणि तो वास,
आठवडाभर भाकरीला येत राहिलेला.

मेटकरी बाई कृषीकडून आल्या,
होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून.
पिशवीत दहा किलो मालदांडी, थोडी करडई,
आणि एक फॉर्म.
मी म्हटलं, बाई, पाल्याचं पोतं
अन् ज्वारीचं पोतं, भाव माहितेय का दोन्हींचा?
म्हणाल्या, माहितेय.
पुढं काहीच बोलल्या नाहीत.
चपला हातात घेऊन चिखलात उतरल्या.

पेरलं. हुरड्यात आलं.
आणि आली पाखरं, पाण्यावरून, थव्यानं.
पाल्याची राखण असायची ती माणसांपासून,
तिला आवाज चालत नव्हता.
आता माळा घातला, गोफण वळली,
मैनाला वर चढवलं. म्हटलं, ओरड.
ती माझ्याकडं बघत राहिली,
मग आईकडं.
"मोठ्यानं?"
मोठ्यानं.

पहिली हाक फाटकीच निघाली.
दुसरीला बगळे उठले.
तिसरी पार इंदापूरच्या काठाला लागून
माघारी आली
अन् ती हसली,
कुणीतरी आपलं आपल्याला परत दिल्यासारखी.

हिशेब सांगायचा तर तोटाच.
सात पोती. करडईनं सोललेल्या पोटऱ्या.
अडतीवर पट्टी मिळाली, तिच्यावर माझं पूर्ण नाव.
आमचं आडनाव ह्याआधी कागदावर पाहिलं होतं
ते पंचनाम्यात.
सोलापूरच्या जेलात थोरल्याला ती दाखवली.
जाळीतून आकडा वाचून म्हणाला, "एवढंच?"
मी म्हटलं, एवढंच.
पट्टी मात्र त्यानं दोनदा वाचली.

यंदा माळा पुन्हा उभा आहे.
काल एक मासेवाला लांबूनच विचारत गेला,
"काय केलंय रं टेकाडावर?"
मी जुन्या सवयीनं मान खाली घातली.
तोवर माळ्यावरनं उत्तर गेलं होतं.