खर्डा आठवा

सातव्या मजल्यावर, एसी सोळावर,
आम्ही अकरा जण लंबगोल टेबलाभोवती.
एम. ए., सर्जनशील लेखन, सत्र तिसरं.
नियम असा, की ज्याची कविता
त्यानं चर्चा संपेपर्यंत बोलायचं नाही.
आज माझी.

अकरा प्रती, प्रत्येकी दोन पानं.
झेरॉक्सचे बावीस रुपये झाले.

सुमेध म्हणाला, उघाडी हा शब्द फार सुंदर आलाय,
उघडणं, उघडं पडणं, उघडं ठेवणं,
आणि बोलता बोलता त्यानं तो
बाईच्या देहापर्यंत नेला.
ऋजुताला तळटीप हवी होती.
फर्नांडिस म्हणाला, बाप जरा जास्तच बाप झालाय.
(हे खरं होतं. मी समासात खूण केली.)
दामले मॅडमनी पेन्सिल उचलली
आणि शेवटची ओळ
दातांनी दोरा तोडावा तशी तोडली.
"इथं तू आम्हाला समजावतेस," म्हणाल्या.

मी गप्प.
काचेपलीकडे पाम बीच रोडचे दिवे,
त्यापलीकडे तिवरं, काळी,
आणि या टेबलाच्या बरोबर खाली,
सात मजले आणि एक भराव उतरून गेलं की
सर्व्हे नंबर एकशे अठरा,
माझ्या आजोबांचं खाजण.
हे सांगायची परवानगी नव्हती.
आणि सांगून कविता बरी झाली नसती.

नऊ वाजता घरी, करावे गावात.
खाली तीन भाडेकरू, वर आम्ही.
पदीआत्या टीव्हीसमोर जवळा निवडत होती.
म्हटलं, ऐक.
तिनं आवाज कमी केला, एवढा मान दिला.
दुसऱ्या कडव्यातच थांबवलं.

"कोन उघरतंय? तुजा बापूस?"
"हो. रात्री उठून. ओहोटीला."
"उघारी कोन उघरत नाय गो.
पानी जातं तवा आपली उघरते,
पानी येतं तवा आपली लागते.
मानूस जातो तो चिखोल कारायला.
फलीला चिखोल बसला तं ती लागत नाय,
मंग खारा पानी शेतान."

तीन महिने मी बापाला रात्री उठवत होते.
सात खर्डे.
हातात कंदीलसुद्धा दिला होता.
आणि तो जायचा फावडं घेऊन,
बहुतेक सकाळी,
चहा पिऊन.

वहीत लिहून घेतलं:
दार आपोआप उघडतं, माणूस फक्त चिखल काढतो.
लगेच खोडलं.
सुमेध म्हणेल, हे लेखनाविषयी आहे.

मग कंदील काढला. रात्र काढली.
उघाडीतला ड काढून र ठेवला.
तो ड माझाच होता,
प्रवेशअर्जासोबतच्या पहिल्या खर्ड्यात लावलेला,
शुद्ध दिसावं म्हणून.
शेवटची ओळ मॅडमनी आधीच नेली होती.

उरल्या नऊ ओळी आणि एक फावडं.
वाचून दाखवल्या.
आत्या जवळ्यातून
नखाएवढी चिंबोरी वेगळी काढत होती.
"बापूस दिसत नाय आता," म्हणाली.
थोड्या वेळानं:
"पन फावरा त्याचाच हाय."

आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

उद्या एकच पान.
अकरा रुपये सुटे ठेवायला हवेत.