विषाची परीक्षा

तार्तू. दुपारी साडेतीनलाच अंधार.
उर्वे तामकिवी हातमोजे चढवते
आणि पाण्यात चांदी सोडते,
केसाच्या हजाराव्या भागाएवढे कण.
पायांना वास येऊ नये म्हणून
कारखाने मोज्यांत विणतात, तीच.

विषाची परीक्षा कुणी घ्यावी, म्हणतात.
ही घेते. रोज. पगारावर.

काचेखाली पाणपिसू, इतकी आरपार
की काळजाचे ठोके बाहेरूनच मोजावेत.
काल मिनिटाला तीनशे.
आज उर्वे मोजता मोजता थांबते,
पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या तबकडीत पेशी हिरव्या उजळल्यात.
नवा विद्यार्थी राइगो म्हणतो, किती सुंदर!
ती सांगते, हा प्राणवायूच रे,
एक इलेक्ट्रॉन जादा गिळलेला,
आता दिसेल त्याला ओरबाडणारा.
लोखंड गंजतं ना, तसं.
आपणही. सावकाश.
प्रश्न फक्त मात्रेचा.

वहीत नोंद: निष्कर्ष अनिश्चित. पुन्हा करणे.

घरी धुलाईयंत्रात लेकाचे स्कीचे मोजे फिरताहेत.
ती कोट न काढता उभी,
फेसाळ पाणी नळीतून खाली,
एमायोगी नदीच्या वाटेला लागताना ऐकत.
बटणाकडे हात जातो.
मग आठवतं,
उद्या त्याची शर्यत आहे.